हे किलोमीटर कुणाचे?

समुद्रपूरला समुद्र नाही. तिकडे बदली झालेल्या माणसाला हा जोक पहिल्या आठवड्यात किमान चार जण ऐकवतात. माझ्या मित्राला सहा जणांनी ऐकवला. सहाव्या वेळी तो हसलासुद्धा नाही.

समुद्रपूर म्हणजे वर्धा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. कपाशी आणि सोयाबीनचा पट्टा. नागपूर-हैदराबाद हायवेवरचा जाम चौरस्ता जवळच, पण रेल्वे पकडायची तर हिंगणघाट गाठा. आमचा हिरो अस्सल नागपूरकर, एका खासगी कंपनीत नोकरीला. काल-परवापर्यंत घर ते ऑफिस आठ किलोमीटर. बदलीनंतर ते झाले साधारण सत्तर. बायकोची नोकरी नागपुरात, म्हणून घर हलवायचा प्रश्नच नव्हता. मग विदर्भातले हजारो नोकरदार जे करतात तेच त्यानं सुरू केलं. अप-डाऊन!

महिनाअखेरीस साहेबांनी एक सुबक एक्सेल शीट तयार केली. तारीख, गाडीच्या मीटरचं रीडिंग, किलोमीटर. रोजचे १४०, कामाचे दिवस २२, एकूण ३०८०. बाइक लिटरला ४५ देते आणि पेट्रोल सोयीसाठी शंभर रुपये धरलं, तरी महिन्याला जवळपास सात हजार नुसते टाकीत. टायर, ऑइल, कंबर वेगळं. शीट एचआरला गेली. उत्तर आलं एका ओळीचं : घर ते ऑफिस हा प्रवास क्लेममध्ये बसत नाही.

त्या रात्री फोनवर तो जाम भडकला होता. (सॉरी, जोक आपोआप झाला.) "अबे, आमचा सेल्सवाला चंद्रपूरला जाऊन आला का त्याले किलोमीटरनं पैसे भेटते. जामपर्यंत रस्ता तोच ना बे! मी काय रोज हवा खायला जाऊन राहिलो काय?"

प्रश्न बरोबर आहे. उत्तर मात्र कडू आहे.

सेल्सवाला ऑफिसच्या कामासाठी फिरतो. तुम्ही ऑफिसला पोहोचण्यासाठी फिरता. रस्ता एक, हायवे एक, पण हिशेबाच्या वहीत ही दोन वेगळी पानं आहेत. घर कुठे घ्यायचं हे तुम्ही ठरवलं, म्हणून तिथून ऑफिसपर्यंतचा खर्च तुमचा, असं हे लॉजिक. जगभर बहुतेक ठिकाणी ते असंच चालतं. आता तुम्ही म्हणाल, घर मी ठरवलं, पण ऑफिस तर त्यांनी हलवलं! अगदी मान्य. पण त्यावर व्यवस्थेचं उत्तर असं, की मग तुम्हीही हला, हलण्याचा खर्च आम्ही बघतो.

इथेच खरी गंमत आहे. रोजच्या पेट्रोलसाठी आपण भांडत बसतो आणि बदलीच्या नावाखाली जे मागता येतं, ते मागायचं राहून जातं. १९६१ च्या आयकर कायद्यातलं कलम १०(१४) आठवा. बदलीचा प्रवास, सामानाचं पॅकिंग आणि वाहतूक यासाठी मिळालेला भत्ता, प्रत्यक्ष तेवढा खर्च झाला असेल तर, करमुक्त. ऑफिसच्या कामासाठी केलेल्या प्रवासाचंही तेच. १ एप्रिल २०२६ ही २०२५ च्या नव्या आयकर कायद्याच्या अंमलाची तारीख, त्यामुळे कलमांचे आकडे आता नव्यानं शोधावे लागतात. पण मुद्दा असा, की ऑफिसनं आधी भत्ता द्यायला हवा. पावत्या तुमच्याकडे आणि पॉलिसीत भत्ताच नाही, तर आयकर खातं तुमची समजूत काढायला येत नाही.

मग घर ते ऑफिससाठी काहीच नव्हतं का? होतं. पगाराच्या स्लिपवर 'ट्रान्सपोर्ट अलाउन्स' अशी ओळ असायची, त्यातले महिन्याला ८०० रुपये करमुक्त. २०१५ मध्ये ते १६०० झाले. २०१८ च्या बजेटनं ही सवलत दिव्यांग कर्मचारी वगळता बाकी सगळ्यांसाठी काढून टाकली आणि त्या बदल्यात ४० हजारांचं स्टँडर्ड डिडक्शन दिलं. ते २०१९ मध्ये ५० हजार आणि २०२४ मध्ये नव्या कररचनेत ७५ हजार झालं. पण त्यात किलोमीटर कुणी मोजत नाही. घरी बसून लॅपटॉप उघडणारा आणि रोज जाम चौरस्ता ओलांडणारा, दोघांना सारखंच!

आणखी एक मजा. ऑफिसनं घर ते ऑफिस ने-आण करायला गाडी दिली, तर ती कर्मचाऱ्याला मिळालेली सुखसोय धरायची नाही, असा खुलासा १९६१ च्या कायद्यातच होता. त्याच प्रवासाचे पैसे रोख दिले की मात्र तो पगार आणि त्यावर टॅक्स. म्हणून एकाच ब्रँचला नागपूरहून तीन-चार जण येत असतील तर प्रत्येकानं वेगळी एक्सेल शीट बनवण्यापेक्षा मिळून एक गाडी मागा. ऑफिसलाही ते सोपं पडतं आणि हायवेवर एक हेल्मेट कमी दिसतं.

सरकारी नोकरीतल्या मित्रांनो, तुमची केस तर याहून नाजूक. बदलीचा प्रवास भत्ता आणि पदग्रहण अवधी ही तुमच्याकडे नियमातच आहेत, ती जरूर घ्या. पण मुख्यालयी राहण्याची अट असलेल्यानं अप-डाऊनचे किलोमीटर लिहून देणं म्हणजे स्वतःच्याच हातानं कबुलीजबाब. २०२२ मध्ये शिक्षकांच्या मुख्यालयी राहण्यावरून आणि घरभाडे भत्त्यावरून विधानसभेत केवढा वाद गाजला होता, आठवतंय ना?

मग काय, गप्प बसायचं? नाही बॉस. फक्त मागणी बदलायची. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत, म्हणजे एनएचएसमध्ये, एक छान कल्पना आहे. कामाचं ठिकाण ऑफिसनं बदललं तर जुना प्रवास आणि नवा प्रवास यातला फरक तेवढा मागायचा, तोही ठरावीक मुदतीपुरता, जास्तीत जास्त चार वर्षं. आपल्याकडे असा सरसकट हक्क नाही, पण मागायला कोण अडवतं? 'रोजचे १४० किलोमीटर द्या' म्हणणारा माणूस एचआरला हट्टी वाटतो. 'पूर्वी १६ होते, आता १४० आहेत, मधल्या १२४ चं सहा महिन्यांपुरतं काहीतरी करा' म्हणणारा हिशेबी वाटतो. मिळालेल्या रकमेवर टॅक्स जाईल हे धरूनच आकडा सांगा.

आणि हे सगळं जॉइन होण्याआधी! ऑर्डर हातात आली की पेढे वाटण्यापूर्वी किंवा शिव्या घालण्यापूर्वी ती नीट वाचा. 'बदली' लिहिलंय की ठरावीक काळासाठी 'डेप्युटेशन'? मूळ ऑफिस नागपूरच राहिलं आणि तुम्हाला तीन महिन्यांसाठी पाठवलं असेल, तर अनेक कंपन्यांत तो टूर धरला जातो आणि प्रवास, राहणं, डेली अलाउन्स सगळं मागता येतं. एका शब्दाचा फरक, महिन्याचे हजारो रुपये.

जॉइन झाल्यावरची शिस्तही सांगतो. समुद्रपूरहून गिरडला किंवा हिंगणघाटला क्लायंटकडे गेलात, तर ते किलोमीटर ऑफिसचे, बिनधास्त लिहा. पण नागपूरला मीटिंग असेल आणि तुम्ही घरूनच निघालात, तर 'समुद्रपूर-नागपूर-समुद्रपूर' असं बिल लावायचा मोह होतो. नका लावू. फास्टॅगची नोंद तुमच्यापेक्षा जास्त खरं बोलते, आणि दोनशे रुपयांसाठी नोकरी घालवल्याची गोष्ट पार्टीत सांगता येत नाही. कारवाले असाल तर फास्टॅगचा वार्षिक पास बघा. १५ ऑगस्ट २०२५ ला तो सुरू झाला तेव्हा ३००० रुपयांत २०० फेऱ्या होत्या. टोलनाका रोज दोनदा ओलांडला तर शंभर दिवस. एसटीनं जाणार असाल तर मासिक पास काढा. वीस दिवसांच्या भाड्यात महिनाभर प्रवास, आणि वर डुलकी फ्री.

आता एक गंभीर गोष्ट. मराठवाड्यातल्या एका साखर कारखान्याचा रखवालदार २२ एप्रिल २००३ ला पहाटेच्या ड्युटीसाठी मोटारसायकलवर निघाला आणि कारखाना पाचेक किलोमीटरवर असताना अपघातात गेला. तो रस्ता 'कामाचा' होता की 'त्याचा स्वतःचा', यावर वाद चालला बावीस वर्षं. हायकोर्टानं भरपाई नाकारली होती. सुप्रीम कोर्टानं जुलै २०२५ मध्ये कुटुंबाच्या बाजूनं निकाल दिला. वेळ, ठिकाण आणि परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध दिसत असेल, तर घरून कामावर जातानाचा अपघातही नोकरीतलाच धरता येतो. म्हणजे पेट्रोलच्या हिशेबात जो रस्ता तुमचा, तोच अपघाताच्या हिशेबात ऑफिसचाही असू शकतो. म्हणून घरच्यांना ड्युटीच्या वेळा आणि रोजचा रस्ता माहीत असू द्या.

आमच्या मित्राचं काय झालं? ती एक्सेल शीट रद्दीत गेली. मग त्यानं शांतपणे नवा मेल लिहिला. सामान हलवलंच नव्हतं, त्यामुळे पॅकिंगचे पैसे मागितले नाहीत. फरकाचे मागितले. तीन महिन्यांपुरते मिळाले, टॅक्स कापून. चौथ्या महिन्यापासून तो एसटीनं जातो.

समुद्रपूरला समुद्र नाही, हे सगळ्यांनी त्याला सांगितलं. ऑर्डरमध्ये काय नाही, ते सांगणारा एक जरी भेटला असता ना!