परदेशी शिक्षण : गावाकडं जमीन आहे, पण तारण नाही

तालुक्याच्या ठिकाणीही आता 'स्टडी अब्रॉड'चे फ्लेक्स दिसतात. पण परदेशी जातंय कोण, हे आकड्यांत बघायला हवं.

केंद्राने संसदेत दिलेल्या माहितीनुसार 2023 मध्ये सुमारे 8.92 लाख भारतीय शिक्षणासाठी बाहेर गेले. 2024 मध्ये हा आकडा 7.59 लाखांवर आला. एकट्या अमेरिकेत 2023-24 मध्ये 3,31,602 भारतीय विद्यार्थी होते. त्यात पदवीसाठी गेलेले फक्त 36 हजारांच्या आसपास, तर पदव्युत्तर शिक्षणाला गेलेले 1 लाख 96 हजारांवर. मुलींचा वाटा निम्म्याहून कमीच.

म्हणजे बहुतेक जण इथं इंजिनिअरिंगसारखी पदवी घेऊन मग एमएस करायला जातात. इथवर तर गावाकडची पोरंही पोहोचली आहेत. मग गाडी अडते कुठं?

सातबारा चालत नाही

गाडी अडते कर्जावर. साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला सरकारी बँका साधारणपणे तारण मागतात. अमेरिकेतलं एमएस या रकमेत बसत नाही. शहरातल्या नोकरदाराचा फ्लॅट तारण म्हणून चालतो. शेतकऱ्याच्या दहा एकरांना मात्र बँका सहसा नकार देतात. कारण कायद्यात आहे. थकीत कर्जाची मालमत्ता थेट जप्त करण्याचा अधिकार बँकांना 2002 च्या सरफेसी कायद्याने मिळाला, पण कलम 31 ने शेतजमीन त्यातून वगळली. शेतकऱ्याच्या बचावासाठी केलेली ही तरतूद त्याच्याच मुलाच्या कर्जाला आडवी येते.

मग उरतं काय? जादा व्याजाची खासगी फायनान्स कंपनी, नाहीतर जमीन विकणं. व्हिसा नाकारला गेला तर जमीनही गेली आणि वर्षही. कॅनडाने तर जानेवारी 2024 मध्ये विद्यार्थी परवान्यांवरच मर्यादा घातली. मुलीसाठी एवढी जोखीम घ्यायला घरचे आणखी कचरतात.

शिष्यवृत्तीच्या जागा मोजक्याच

अनुसूचित जातींसाठी राज्याच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीत वर्षाला 75 जागा आहेत. केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज योजनेत 125 जागा असून त्यात 30 टक्के मुलींसाठी आहेत. भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर या दोघांच्या मुलांना मिळून त्यातल्या जागा किती? फक्त 4.

आधी बँक, मग एजंट

एजंटाला पैसे देण्याआधी बँकेत जाऊन तारण काय चालेल ते विचारावं. बिगरशेती प्लॉट बँका बघतात. स्वामित्व योजनेत गावठाणातल्या घराचं प्रॉपर्टी कार्ड मिळालं असेल तर तेही दाखवावं. काही बँका ठरावीक नामांकित विद्यापीठांसाठी विनातारण कर्ज देतात. त्यांची यादी आधी मागावी, अर्ज नंतर भरावा.