पाच खिंडींपलीकडची बाजारपेठ

लडाखच्या अगदी उत्तर टोकाला, जेथे भारताचा नकाशा संपतो, तेथे काराकोरम नावाची खिंड आहे. उंची ५,५४० मीटर. तिच्या दक्षिण उतारावर वितळणारे पाणी श्योक नदीतून सिंधूला आणि सिंधूतून अरबी समुद्राला मिळते. उत्तर उतारावरील पाणी मात्र यारकंद नदीच्या वाटेने तारीमच्या खोऱ्यात जाते आणि तक्लामकानच्या वाळवंटात जिरून जाते. त्याला समुद्र कधीच दिसत नाही. निसर्गाने आखलेल्या या पाणलोटाच्या रेषेवरून शतकानुशतके माल ये-जा करीत होता.

लेह ते यारकंद हा प्रवास महिनाभराहून अधिक काळाचा. वाटेत पाच मोठ्या खिंडी: खारदुंग, सासेर, काराकोरम, सुगेत आणि सांजू. नवल असे की यांतील सर्वांत उंच खिंडींपैकी एक असलेली काराकोरम चढण्यास फारशी अवघड नाही. तिचा माथा गोलसर असून वाऱ्यामुळे तेथे बर्फ फारसा टिकत नाही. खरा घात सासेर करी. तेथे हिमनदीच्या काचेसारख्या बर्फावरून लादलेले घोडे न्यावे लागत. त्यापुढे देपसांगचे पठार. पाच हजार मीटरांहून उंच, सपाट, पाहण्यास भव्य. परंतु जनावरास तोंड लावण्यास गवताची काडी नाही. म्हणून मालाबरोबर दाणावैरणही जनावरांच्याच पाठीवर लादावी लागे. जितके अंतर अधिक, तितका चारा अधिक आणि विक्रीचा माल तितका कमी. पेढीवर बसून हिशेब करणाऱ्यालाही या व्यापाराची मेख येथे सहज उमगेल: एवढ्या लांबून केवळ तोच माल परवडे, ज्याचे वजन थोडे आणि मोल मोठे.

हिंदुस्थानातून सुती कापड, नीळ, मसाले, पोवळी आणि किनखाब जात. पलीकडून रेशीम, नमदे, गालिचे, सोन्याची भुकटी आणि घोडे येत. पंजाबातील होशियारपूरच्या व्यापाऱ्यांनी या मार्गावर विशेष जम बसविला होता. लेहच्या बाजारात ते उन्हाळ्यात यारकंदी सौदागरांना भेटत आणि पुष्कळसा माल तेथेच हस्तांतरित होई. १८७० साली ब्रिटिश सरकार आणि काश्मीरचे महाराज यांच्यात व्यापारी करार झाला. तेव्हापासून लेहमध्ये दोन्ही बाजूंचे संयुक्त आयुक्त मार्गाची देखरेख करू लागले.

या व्यापाराचे गुणगान करताना एक वस्तू बहुधा वगळली जाते. ती म्हणजे चरस. यारकंदहून येणाऱ्या मालात तिचा वाटा फार मोठा होता, आणि तो व्यवहार चोरटा नव्हता. सरकार तिच्यावर रीतसर जकात घेत असे. कायद्याने संमत आणि नफ्याचा धंदा होता, हे खरे. पण त्या गाठोड्यांनी पंजाबातील किती घरे पोखरली असतील, याचा जमाखर्च कोणत्याच वहीत मांडलेला आढळत नाही.

दुसरा न मांडलेला खर्च मुक्या जिवांचा. सासेर ते काराकोरम या टप्प्यात वाटेच्या दोन्ही बाजूंस घोड्यांचे सांगाडे पसरलेले असत. मार्ग चुकला तर त्यांच्याच रांगेवरून दिशा कळे, असे जुन्या प्रवाशांनी लिहून ठेवले आहे. विरळ हवा, उपास आणि ओझे यांनी जनावर कोसळले की त्याची खेप तेथेच दगडांच्या आडोशाला रचून ठेवीत आणि काफिला पुढे जाई. मालक पुढे दुसरी जनावरे पाठवून ती उचलून नेई. तोवर त्या ओसाड भूमीत ती गाठोडी उघड्यावर पडून राहत आणि त्यांना सहसा कोणी हात लावीत नसे. जेथे ना पहारेकरी ना कचेरी, तेथे ही पत कशी टिकली? ज्याला आज दुसऱ्याचा माल सुरक्षित ठेवावयाचा, त्याचाच माल उद्या तेथे पडणार, हे प्रत्येकास ठाऊक होते.

नुब्रा खोऱ्यातील पनामिक हे खिंडींपूर्वीचे विश्रांतीचे गाव. गरम पाण्याचे झरे, जवाची शेते, जर्दाळूची झाडे. चढाईपूर्वी घोड्यांना येथे आठवडाभर चारून ताजेतवाने करीत. त्या पाहुणचारावर आणि भाड्याच्या जनावरांवर खोऱ्यातील अनेक कुटुंबांचा चरितार्थ चाले. लेहमधील आरघोन नावाचा समाज तर परदेशी सौदागर आणि लडाखी स्त्रिया यांच्या विवाहांतूनच उदयास आला.

१९३० नंतर सिंकियांगमधील राजवटीने हिंदी व्यापाऱ्यांचा जाच आरंभिला. कित्येकांना दुकाने सोडून परतावे लागले. १९४९ साली वाट पुरती बंद झाली. खिंड होती तेथेच राहिली, बर्फही वाढले नाही. केवळ पलीकडचे गिऱ्हाईक नाहीसे झाले. कारगिलमधील मुन्शी अझीझ भट यांच्या जुन्या सराईत पडून राहिलेला त्या काळचा माल पुढे त्यांच्या वंशजांना सापडला आणि आज तो संग्रहालयात मांडलेला आहे.

आता श्योकच्या काठाने दौलत बेग ओल्डीपर्यंत २५५ किलोमीटरचा रस्ता झाला आहे. त्यावरून लष्कराच्या गाड्या धावतात. काफिल्यांबरोबर आलेल्या दोन मदारींच्या उंटांचे वंशज नुब्रातील हुंदर गावी उरले आहेत. वाळूच्या टेकड्यांवरून ते पर्यटकांना फिरवून आणतात आणि संध्याकाळी ठाणावर परततात.