गाडी चुकली की बाई चुकली?

गेल्या थंडीतली गोष्ट. आमच्या गटातल्या एका तरुण मुलीला घेऊन मी मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात गेले होते. तिच्या तान्ह्या बाळाच्या हृदयात दोष असल्याची शंका होती. तपासणी वेळेवर आटोपली, आम्ही दुपारचीच परतीची गाडी धरली. वाटेत एका स्टेशनाबाहेर गाडी उभी राहिली. लांब पल्ल्याची एक गाडी पुढे गेली, मग आणखी एक. उतरून धावतपळत बसस्टँड गाठला, तर आमच्या बाजूची शेवटची बस दहाच मिनिटांपूर्वी सुटलेली. प्रतीक्षालयाला कुलूप. स्टँडजवळ भज्यांची गाडी लावणाऱ्या एका बाईनं आम्हांला घरी नेलं, बाळासाठी दूध तापवलं, झोपायला जागा दिली.

दुसऱ्या दिवशी मी तिला घरी पोचवलं. सासूनं बाळ हातात घ्यायच्या आधी विचारलं, "रात्र कुठं काढलीस?" मी बरोबर होते म्हणून विषय तिथं मिटला. पण पुढच्या तारखेला ती तपासणीला आली नाही. नवरा म्हणाला, "एवढ्या लांब नको आता." घरात भांडण नाही, मारहाण नाही. एक बस चुकली आणि एका बाळाचं औषधपाणी थांबलं.

पुरुषाची गाडी चुकली तर तो घरी येऊन ती हकिकत रंगवून सांगतो. बाईची गाडी चुकली तर बाईच चुकते. म्हणून या अंकात मला वेळापत्रकावर लिहायचं आहे. स्त्रियांच्या चळवळीचा आणि रेल्वेच्या वेळापत्रकाचा काय संबंध, असं काही मैत्रिणींना वाटेल. जव्हार-मोखाड्यात राहणाऱ्या बाईला तसं वाटणार नाही.

आमच्या दोन्ही तालुक्यांत रेल्वे नाही. पश्चिमेला डहाणू रोड आणि पालघर, पूर्वेला कसारा आणि इगतपुरी. दोन्ही बाजूंनी रेल्वे गेली ती १८६० च्या दशकात. म्हणजे दीडशेहून अधिक वर्षं गाड्या आमच्या डाव्या-उजव्या हातानं जाताहेत आणि आम्ही मधल्या डोंगरात आहोत. जव्हारची बाई विक्रमगड, मनोर करत पालघरला उतरते. मोखाड्याची बाई खोडाळा, विहिगाव करत कसाऱ्याची लोकल गाठते किंवा त्र्यंबकेश्वरमार्गे नाशिकला जाते. २०१४ मध्ये पालघर जिल्हा झाला आणि ठाण्याचे हेलपाटे वाचले, हे खरं. पण पालघरही घाट उतरून जायचं गाव आहे. कलेक्टर कचेरी तिथं, तारापूरच्या कारखान्यांतलं काम त्याच बाजूला, मोठा दवाखाना मुंबईत नाही तर नाशकात. बाईला काहीही मिळवायचं असेल तर आधी बस आणि मग गाडी, असा दोन टप्प्यांचा प्रवास तिच्या वाट्याला येतो. या दोन टप्प्यांची गाठ कुणी घालायची, हे कुणाच्याच कामात लिहिलेलं नाही.

कारण रेल्वेचं वेळापत्रक रेल्वे करते आणि एसटीचं एसटी करते. त्यातही डहाणूकडे पश्चिम रेल्वे, कसाऱ्याकडे मध्य रेल्वे. एसटीचे पालघर, ठाणे आणि नाशिक असे तीन वेगळे विभाग. पाच कचेऱ्यांच्या मध्ये एक बाई पिशवी घेऊन उभी आहे आणि ती कुणाच्याच कागदावर नाही.

एप्रिल २०१३ मध्ये विरारच्या पुढे डहाणू रोडपर्यंत उपनगरी लोकल सुरू झाली. प्रवासी संघटनांनी त्यासाठी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला होता. पण विरार ते डहाणू या साठाहून अधिक किलोमीटरांवर येणारा आणि जाणारा असे दोनच मार्ग. गुजरात-दिल्लीकडच्या लांब पल्ल्याच्या गाड्या, मालगाड्या आणि लोकल, सगळ्यांना तेच रूळ. साहजिकच लोकल थोड्या आणि एखादी गाडी रखडली की मागच्या सगळ्या रखडतात. चौपदरीकरण २०१६ मध्ये मंजूर झालं, काम रेंगाळत चाललं आहे. मुंबईत एक लोकल चुकली तर काही मिनिटांत दुसरी येते. इथं पंधरा मिनिटांच्या उशिरापायी घाटावरची शेवटची बस जाते आणि त्याची किंमत एक अख्खी रात्र असते.

बायांसाठी रेल्वेनं काही केलंच नाही, असं मी म्हणणार नाही. १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या ५८ व्या कलमानं प्रत्येक प्रवासी गाडीत बायांसाठी राखीव जागा ठेवणं बंधनकारक केलं. मे १९९२ मध्ये चर्चगेट ते बोरिवली खास महिलांची लोकल धावली, पुढे ती विरारपर्यंत गेली. नोकरी करणाऱ्या बाईला आपली वेळ आहे, हे त्या गाडीनं मान्य केलं. पण ती वेळ कचेरीची होती. आमच्याकडच्या बाईची वेळ कोण धरणार? जव्हार, मोखाडा, विक्रमगडमध्ये आता मोगऱ्याची लागवड आहे. कळ्या पहाटे खुडायच्या, कारण उमललेल्या फुलाला भाव नाही. त्या दादरच्या किंवा नाशिकच्या फूलबाजारात लवकर पोचल्या तर पैसे. स्वतः माल घेऊन जायचं तर बाईला त्या वेळी बस हवी आणि पुढे गाडी. ती नसेल तर दारात येणारा व्यापारी ठरवेल तो भाव. खुडणारे हात बाईचे, भाव दुसऱ्याचा.

मार्च २०२३ पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट झालं. आमच्या गटातल्या किती तरी जणी त्यानंतर पहिल्यांदा एकट्या तालुक्याच्या बाहेर पडल्या. त्याचं स्वागतच आहे. पण अर्धं तिकीट काढायला आधी बस लागते. ती गेली की जीप, आणि जीपवाला अर्धं भाडं घेत नाही. अंधार पडल्यावर तर तो मागेल ते भाडं आणि बसवेल तिथं बसायचं.

मैत्रिणींनो, वेळ पाळणं अशक्य असतं, असं मला कुणी सांगू नये. मोखाडा तालुक्यातल्या मध्य वैतरणा धरणाचं पाणी मुंबईला रोज न चुकता पोचतं. दिवाळी झाली की वीटभट्टीवर न्यायला मुकादमाचा ट्रक पाड्यावर येतो, तोही चुकत नाही. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन याच जिल्ह्यातून जाणार, तिच्यासाठी जमिनी इथल्या गेल्या. आमचं पाणी, आमचे हात आणि आमची जमीन वेळेवर पोचते. आम्ही परत वेळेवर घरी पोचावं, ही सोय तेवढी राहून जाते.

डहाणू-नाशिक रेल्वेची मागणी जुनी आहे. ती व्हावी, त्यासाठी भांडूही. पण आज सोळा वर्षांची असलेली मुलगी तोवर थांबू शकत नाही. तिचं कॉलेज संध्याकाळच्या बसवर अवलंबून आहे. म्हणून रूळ न टाकता जे होऊ शकतं, ते आधी मागू या.

एक, संध्याकाळच्या शेवटच्या बसला एक ठरलेली गाडी जोडून द्यावी आणि त्या गाडीचे प्रवासी आल्याखेरीज बस सुटू नये. गाडीला उशीर झाला तर स्टेशनमधून स्टँडला फोन जावा. बस थांबली तर मनोरला, विक्रमगडला उभ्या असलेल्या बायांचं काय, हा प्रश्न येईल. त्यांनाही ती खबर मिळावी. वस्तीच्या गाडीच्या चालक-वाहकांची विश्रांतीही यात धरावी, वाहकांमध्ये आता आपल्या बहिणीही आहेत. दोन, पहाटेची पहिली बस पहिल्या सोयीच्या लोकलआधी स्टेशनात पोचावी. तीन, स्टेशनवर बसच्या आणि स्टँडवर गाड्यांच्या वेळा मोठ्या अक्षरांत मराठीत लावाव्यात. चार, बायांचं प्रतीक्षालय आणि संडास रात्रभर उघडे राहावेत, तिथं दिवा असावा.

यात कोट्यवधींचं काहीच नाही. मग आजवर का झालं नाही? थोडा दोष आपलाही आहे. दारू, रेशन, मारहाण यांवर आपण मोर्चे काढले, निवेदनं दिली. बसच्या वेळा बदलून द्या, म्हणून आगारप्रमुखांकडे आपण किती वेळा गेलो? रेल्वेच्या प्रवासी सल्लागार समित्या असतात, तिथं आपली बाई असावी, असा आग्रह कधी धरला?

तेव्हा प्रत्येक गटानं एवढं करावं. एक महिनाभर वही ठेवा. गटातली जी बाई गावाबाहेर जाईल तिनं घरातून निघाल्याची वेळ, बसची वेळ, गाडीची वेळ, परत आल्याची वेळ आणि किती पैसे गेले, हे लिहावं किंवा लिहून घ्यावं. गाडी चुकली तर पुढे काय झालं, घरी काय ऐकावं लागलं, तेही. आणि वेळ गैरसोयीची म्हणून जी गेलीच नाही, तिचं नाव न घालता तिचीही नोंद करा. ती कुठल्याच सरकारी मोजणीत येत नाही. या वह्या एकत्र करून ८ मार्चला आपण जव्हार आगारात, पालघर आणि कसारा स्टेशनांत घेऊन जाऊ.

त्या मुलीला आम्ही महिन्याभरानं पुन्हा रुग्णालयात नेलं. या वेळी रात्रीच्या मुक्कामाची सोय आधीच केली आणि सासूलाही बरोबर घेतलं. येताना गाडीला उशीर झाला. सासू घड्याळाकडे आणि दाराकडे आळीपाळीनं बघत होती. तिनं मग कुणाला काही विचारलं नाही.

तुमच्या वह्यांची वाट पाहते.