डाखातले शिसे

कल्हईवाला दारात आला की घरातली जाणती बाई आधी त्याचे कथील निरखून पाही. शिसे मिसळलेली कल्हई दिसायला चकचकीतच असते. पण त्या भांड्यातले आंबट वरण पोटात विष नेते. ते कथील आणि ते शिसे आज टीव्हीच्या, चार्जरच्या, रिमोटच्या पोटात बसले आहे आणि तिथे मात्र निरखून पाहणारे कोणी नाही.

सर्किटवरचे सुटे भाग जोडणारा डाख वर्षानुवर्षे ६३ भाग कथील आणि ३७ भाग शिसे असाच असे. हे मिश्रण १८३ अंशांना वितळते, स्वस्त पडते आणि सांधा चिवट होतो. युरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून त्याला बंदी केली. भारतात ही अट १ मे २०१४ पासून आली आणि १ एप्रिल २०२३ पासून अमलात असलेल्या ई-कचरा नियमांत ती कायम आहे. शिसे ०.१ टक्क्यापेक्षा जास्त नको, कॅडमियम ०.०१ टक्क्यापेक्षा जास्त नको. हे प्रमाण अख्ख्या टीव्हीच्या वजनावर मोजायचे नसून डाखाच्या एकेका थेंबात मोजायचे आहे. नियम कडक आहे आणि तो तसाच हवा.

पण तो बांधतो उत्पादकाला. मुंबई-गोवा महामार्गावर वडखळ ओलांडले की गडब लागते. अशा गावातल्या दुरुस्तीच्या टेबलावर कोणत्या तारेचे रीळ आहे, हे तपासायला कोण येणार? बिनशिशाच्या डाखात सहसा चांदी असते, म्हणून तो महाग. शिवाय तो २१७ अंशांच्या पुढे वितळतो, म्हणजे डाख लावायची इस्त्रीही चांगली हवी. दुरुस्ती करणारा पोरगा जुनेच रीळ वापरतो, यात त्याचा दोष नाही. धूर दिसतो तो मुख्यतः राळेचा. शिसे बोटांना चिकटते आणि वडापावाबरोबर पोटात जाते. लहान मुलांसाठी शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी नाही, हे जागतिक आरोग्य संघटना सांगत आली आहे. ती बोटे संध्याकाळी घरी जाऊन लेकराला भरवतात.

मिश्रधातूंना दिलेली सूटही वाचकांनी समजून घ्यावी. पितळेसारख्या तांब्याच्या मिश्रधातूत ४ टक्क्यांपर्यंत शिसे चालते, म्हणजे सर्वसाधारण मर्यादेच्या चाळीसपट. लेथवर पितळ सुबक कापले जावे, यासाठी ही सवलत आहे. कारण खरे आहे; पण ती संपणार कधी, हे सरकारने सांगितले पाहिजे.

आमचा खरा आक्षेप पुढचा आहे. जुन्या यंत्रांच्या पुनर्वापराचे प्रमाणपत्र मिळते ते सोने, तांबे, ॲल्युमिनियम आणि लोखंड यांच्या वजनावर. उत्पादक हे प्रमाणपत्र विकत घेताना पैसे मोजतो ते या धातूंसाठी. शिसे किती काढले आणि ते कुठे ठेवले, याला बाजारात किंमतच नाही. मग भंगारात काय होणार? तांब्यासाठी वायर जाळायची, सर्किट भाजून चिप सुट्या करायच्या आणि उरलेली राख पावसाच्या हवाली करायची. पेणच्या खारपट्ट्यात पाणी उघाडीतून, म्हणजे बांधाच्या झडपेतून, खाडीत जाते, वाटेत भाताची शेते आणि जिताड्याची तळी लागतात. इथली राख कोणा परक्याच्या ताटात जाणार नाही.

गणपतीच्या रंगांत काय काय असते याची चर्चा पेणमध्ये होते, ती व्हायलाच हवी. घरगुती रंगांत शिशाला दशलक्षात ९० भागांची मर्यादा २०१७ पासून आहे. मखराभोवतीच्या दिव्यांच्या स्वस्त माळेतल्या डाखाबद्दलही तोच प्रश्न दुकानदाराला विचारायला हवा.

घातक कचऱ्याची शास्त्रीय विल्हेवाट लावणारे केंद्र आपल्याच जिल्ह्यात, तळोज्याला आहे. गडबच्या घरातला बंद पडलेला टीव्ही तिथल्या नोंदणीकृत साखळीपर्यंत पोहोचवणारी वाट तेवढी नाही. ई-कचरा वेगळा काढून पुढे पाठवण्याची जबाबदारी नियमांनी ग्रामीण स्थानिक संस्थांवरही टाकली आहे; त्यासाठी निधी मात्र उत्पादकांकडून यायला हवा. प्रदूषण नियंत्रण मंडळाने पेण आणि रोहा या तालुक्यांत आठवडी बाजाराच्या दिवशी संकलनाची गाडी उभी करावी आणि भंगारवाल्याला जाळून मिळतो त्यापेक्षा जास्त भाव द्यावा. आयटीआयमध्ये शिकणाऱ्या प्रत्येक मुलाच्या हाती पहिल्याच दिवशी बिनशिशाचे रीळ द्यावे आणि टेबलाशेजारी हात धुवायला साबण व पाणी ठेवावे.