जपणं वेगळं, लपणं वेगळं

मंडळी, आज जरा तिखट लिहिते आहे. राग आला तरी शेवटपर्यंत वाचा.

आपल्या बडोदेकर मराठी घरांत एक वाक्य फार ऐकू येतं: "चायनीज कोळंबी? बाहेर खा, घरात नको." का, विचारलं की संस्कृती पुढे येते. "ते आपलं नाही."

आपलं म्हणजे काय हो? सीकेपी घरांत कोबी नि कोळंबी एकत्र घालून भानोलं करतात. ते आपलंच ना? त्यातली मिरची पोर्तुगीजांबरोबर आली, कोबीही युरोपियनांनीच आणला. तोच कोबी, तीच कोळंबी कढईत परतून चमचाभर सोया सॉस घातला की धर्म बुडाला? आणि हॉटेलात पैसे मोजून खातो ते लाल मंचुरियन तर मुंबईतच जन्मलं!

घरचा प्रकार त्याहून साधा. पाव किलो कोळंबी सोला, पाठीवरचा काळा दोरा काढा, पुसून कोरडी करा, चिमूट मीठ नि चमचाभर कॉर्नफ्लोअर चोळा. भाज्या आधीच चिरून ठेवा, नंतर वेळ मिळत नाही. लोखंडी कढई धूर येईपर्यंत तापवा. तेल आपलं सिंगतेलच. दक्षिण चीनमध्येही शेंगदाण्याचं तेल वापरतात, मोठी आच सोसतं. कोळंबी दीड-दोन मिनिटं, गुलाबी होऊन वळली की काढा. मग आलं-लसूण, गाजर, फरसबी, सिमला मिरची, शेवटी कोबी. झाकण नको, वाफेनं भाजी लिबलिबीत होते. कोळंबी परत टाका, सोया सॉस कढईच्या कडेनं सोडा. झालं!

आता खरं बोलूया. आपली अडचण चायनीजची नाहीच, वासाची आहे. सोसायटीत कळेल, घर भाड्यानं मिळणार नाही, याच धाकानं सोड्याची खिचडीही कित्येक घरांतून गेली. खिडक्या लावायच्या, टरफलं दुहेरी पिशवीत बांधून लांबच्या कचऱ्यात टाकायची. या भीतीलाच आपण संस्कृती म्हणायला लागलो.

ज्या गुजरातला सुमारे २३४० किलोमीटरचा किनारा आहे, वेरावळसारखं मासेमारीचं बंदर आहे, सुरत-नवसारीकडे कोळंबीची तळी आहेत, तिथे मासळी परकी कशी? खारवा, माछी हे काय बाहेरून आले?

शेजाऱ्यांचा मान ठेवायचा, अगदी मान्य. टरफलं जिन्यात ठेवू नका, पर्युषणात सांभाळा. पण जपणं वेगळं, लपणं वेगळं.

मुलं सगळं बघतात. जे लपून करायचं ते कमीपणाचं, एवढंच शिकतात. मग हॉटेलात जातात, आणि तुम्ही म्हणता, "आमचं खडखडलं कुणाला नको." अहो, घरात कोळंबी शिजलीच नाही तर पोरांना खडखडलं कुठून येणार? कोळंबी सोलायला हात वळावा लागतो. तो चायनीजनं वळला तर वळू दे. ज्याला सोलता येतं त्याला खडखडलं एका दुपारी शिकवता येईल. ज्यानं कधी हातच लावला नाही, त्याच्यापुढे आज्जीच्या आठवणी किती काढाल?

तेव्हा येत्या रविवारी हॉटेल राहू द्या. कढई काढा, मुलांना सोलायला बसवा, आणि खिडकी उघडी ठेवा.