तीनशे मैलांतून आठ फूट

कॅलिफोर्नियाच्या सान फ्रान्सिस्को शहरात १८६४ मध्ये बँक ऑफ कॅलिफोर्निया सुरू झाली. डेरियस ऑग्डेन मिल्स हे तिचे पहिले अध्यक्ष. हिशेबाला चोख आणि पाऊल जपून टाकणारा सावकार अशी त्यांची ख्याती होती. ते पदावरून दूर झाल्यानंतर, १८७५ मध्ये, बँकेला दरवाजे बंद करावे लागले. तेव्हा त्यांनाच परत बोलावण्यात आले आणि सुमारे महिनाभरातच बँक पुन्हा उघडली. अशा माणसाने पैसा घातलेला एक लोहमार्ग मात्र फसला. त्या मार्गाचे नाव कार्सन अँड कोलोराडो रेल्वे.

१८८० ते १८८३ या काळात नेवाडातील माउंड हाउसपासून कॅलिफोर्नियातील ओवेन्स सरोवराच्या काठापर्यंत सुमारे ३०० मैलांचा हा मार्ग वाळवंटातून टाकला गेला. रुळांमधील अंतर तीन फूट, म्हणजे ९१४ मिलिमीटर. अरुंद मार्गाला रूळ हलके लागतात, वळणे तीव्र घेता येतात, भराव लहान पुरतो. भांडवल कमी गुंतते, हा त्यामागचा हिशेब. डोंगरातील खाणींतून चांदी येत राहील आणि गाड्या भरून धावतील, ही अपेक्षा. प्रत्यक्षात खाणींना ओहोटी लागली. सांगतात की, मिल्स यांनी मार्गाची पाहणी केली आणि सोबत्यांना सुनावले, हा रस्ता एक तर ३०० मैल जास्त लांब झाला आहे, नाही तर ३०० वर्षे आधी बांधला गेला आहे.

अखेर १९०० च्या मार्च महिन्यात सदर्न पॅसिफिक कंपनीने साडेसत्तावीस लाख डॉलरला हा मार्ग विकत घेतला. त्यानंतर दोनच महिन्यांनी, मे महिन्यात, नेवाडातील टोनोपा येथे चांदीचा मोठा साठा सापडला. ज्या मार्गावर गाड्या रिकाम्या धावत होत्या, तेथे माल ठेवायला जागा पुरेना. विकणारा अडाणी नव्हता आणि घेणाराही ज्योतिषी नव्हता. खडकाच्या पोटात काय आहे, हे दोघांच्याही वहीत लिहिलेले नव्हते.

या मार्गाचा शेवटचा तुकडा १९६० च्या एप्रिलपर्यंत चालला. आज तो उखडला गेला आहे. परंतु जगभरातील छोट्या रेल्वेच्या छंदिष्टांना तो अजून खुणावतो. लाकडी फळीवर वाळवंट उभे करून त्यातून अरुंद रुळांची गाडी चालवायची, या छंदासाठी कार्सन अँड कोलोराडोइतका समर्पक नमुना विरळा. निवृत्तीनंतर हाताला काम आणि मनाला विषय शोधणाऱ्या गृहस्थाने असा छंद धरला, तर त्याची आखणी कशी करावी, हे पाहण्याजोगे आहे. पुष्कळ घरांत हा छंद पेटीतले इंजिन आणि भिंतीला टेकलेली अर्धवट फळी एवढ्यावरच थांबतो. त्याचे कारण बहुधा हौसेची उणीव हे नसून आखणीची उणीव हे असते.

पहिला प्रश्न प्रमाणाचा. छंदाच्या बाजारात दोन प्रमाणे अधिक रूढ आहेत. एकात मूळ वस्तूचा ८७ वा भाग घेतात, दुसऱ्यात ४८ वा. ८७ व्या भागाच्या प्रमाणात तीन फुटी मार्ग अचूक दाखवायचा तर रुळांतील अंतर साडेदहा मिलिमीटर हवे. असे रूळ आणि इंजिने मिळतात, पण थोडी आणि महाग. म्हणून अनेक जण ४८ व्या भागाचे डबे घेऊन ते साडेसोळा मिलिमीटरच्या रुळांवर चालवतात. हे रूळ सर्वत्र सहज मिळतात. साडेसोळाला ४८ ने गुणले की ७९२ मिलिमीटर होतात. म्हणजे मूळ ९१४ पेक्षा १२२ मिलिमीटरची तूट. ही तूट आधीच मान्य करून, नोंदवून पुढे जावे. गमतीची गोष्ट अशी की, हा आकडा कॅलिफोर्नियापेक्षा बार्शीला जवळचा आहे. १८९७ मध्ये सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वेचा मार्ग अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलिमीटरचा होता.

दुसरा प्रश्न जागेचा. ३०० मैलांचा मार्ग ४८ व्या भागाच्या प्रमाणात पूर्ण करायचा तर दहा किलोमीटर रूळ लागतील. एकट्या मैलालाच साडेतेहतीस मीटर हवेत. पश्चिमेकडील व्हिटनी शिखर समुद्रसपाटीपासून ४,४२१ मीटर उंच आहे. सरोवराच्या पातळीपासून मोजले तरी त्याची प्रतिकृती सत्तर मीटरच्या घरात जाईल. तेव्हा मार्ग दाखवायचा नाही, एक ठिकाण दाखवायचे, हे आरंभीच ठरवावे. डोंगर मागच्या फळीवर रंगवायचे.

येथे नवशिक्याला मोह होतो तो गोल फेऱ्याचा. गाडी एकदा सुरू केली की फिरत राहील, नातवंडे टाळ्या पिटतील. हिशेब मात्र वेगळे सांगतो. ३० फुटी मूळ डबा या प्रमाणात १९ सेंटिमीटरचा होतो. डबा रुळावरून उतरू नये म्हणून वळणाची त्रिज्या त्याच्या लांबीच्या निदान अडीचपट ठेवण्याचा प्रघात आहे. म्हणजे त्रिज्या ४७ ते ४८ सेंटिमीटर आणि पूर्ण गोलाला कडेच्या जागेसह साडेतीन फूट रुंद फळी. खोलीतील पलंग हलवल्याशिवाय ती मावणार नाही. शिवाय तीच गाडी त्याच झुडपासमोरून दहाव्यांदा गेली की मुलेही उठून जातात.

याला उत्तर मिळते ब्रिटनमधील ॲलन राइट यांच्या इंगलनुक नावाच्या लहानशा आखणीत. तीत फक्त दोन सांधे आणि तीन मार्गिका असतात. एका मार्गिकेत पाच डबे मावतात, उरलेल्या दोहोंत तीन-तीन. मागे-पुढे होण्यासाठीच्या रुळावर इंजिन आणि तीन डबे एवढीच जागा. एकूण आठ डबे ठेवायचे, त्यांच्या चिठ्ठ्या टाकायच्या, पाच चिठ्ठ्या उचलायच्या आणि त्याच क्रमाने पाच डब्यांची गाडी लावायची. आठांतून पाच क्रमाने निवडण्याचे प्रकार ६,७२० होतात. रोज एक डाव मांडला तरी सर्व क्रम संपायला अठरा वर्षांहून अधिक काळ लागेल. १९ सेंटिमीटरच्या डब्यांना ही आखणी सुमारे साडेसात फुटांत बसते. म्हणून आठ फूट लांब आणि दीड फूट रुंद फळी पुरे. ती चार-चार फुटांच्या दोन तुकड्यांत करावी, नटबोल्टने जोडावी. पाहुणे आले की उचलून उभी ठेवता येते.

आता ठिकाण कोणते? मालाची चढउतार जेथे होत होती ते. १९१० मध्ये मोजावीकडून रुंद मार्ग ओवेन्यो येथे आला आणि अरुंद मार्गाला भिडला. तेव्हापासून अरुंद डब्यांतील माल तेथे रुंद डब्यांत चढवावा लागे. त्यासाठी उंच बांधावर अरुंद रूळ नेऊन खालच्या रुंद डब्यात माल ओतण्याची सोय होती. गोण्या आणि पेट्यांसाठी फलाट होता. कुर्डुवाडीला बार्शीची गाडी मोठ्या मार्गाला मिळे, तेथील चढउतार ज्या पेढ्यांनी पाहिली आहे, त्यांना याचे अर्थशास्त्र समजावून सांगावे लागणार नाही. माल तोच, हमाली दुप्पट. अरुंद मार्ग बांधताना वाचलेला पैसा असा दरवर्षी थोडाथोडा परत जात असे. फळीवर मात्र हीच जागा सर्वांत चैतन्याची ठरते, कारण प्रत्येक डब्याला काहीतरी काम असते. शंखजिऱ्याचा डबा कोठे लावायचा, रिकामा कोठून आणायचा, हे ठरवावे लागते.

तिसरा प्रश्न वर्षाचा, आणि तोच सर्वांत अवघड. ओवेन्स नदीचे पाणी लॉस एंजेलिस शहराने २३३ मैलांच्या जलवाहिनीने नेले. १९१३ मध्ये ती सुरू झाली. पुढच्या साधारण दीड दशकात सरोवर आटून गेले. ज्या पाण्यावर एकेकाळी आगबोट चालत होती, तेथे मिठाचे आणि सोड्याचे पांढरे पठार उरले. वारा सुटला की त्यावरची क्षारयुक्त धूळ खोऱ्यावर पसरे. शेते ओस पडली, काठावरचे कीलर गाव विरळ झाले. ओवेन्योपर्यंत आलेला तो रुंद मार्ग मुळात या जलवाहिनीच्या बांधकामाचे साहित्य वाहण्याच्या निमित्ताने झाला होता. ज्या रुळांनी खोऱ्याला मोठ्या बाजारपेठेशी जोडले, त्याच रुळांवरून खोऱ्याचे पाणी नेणारे सामान आले.

म्हणून वर्ष ठरवल्याशिवाय रंगाची डबी उघडू नये. १९५४ मध्ये या मार्गावर डिझेल इंजिन आले आणि १९०९ चे ९ क्रमांकाचे वाफेचे इंजिन राखीव राहिले. हे वाफेचे इंजिन आज लॉज येथील संग्रहालयात उभे आहे. दोन्ही इंजिने हवीत म्हणून १९५५ साल निवडले, तर मागच्या फळीवर निळे सरोवर रंगवता येणार नाही. ते सुंदर दिसेल, पण ती खोटी नोंद होईल. तेथे राखाडी पांढरा पट्टाच हवा. पाहणारा विचारील, हे पांढरे काय आहे? त्या प्रश्नाला दिलेले उत्तर हा या छंदाचा सर्वांत मोलाचा भाग. नातवंडांना इंजिनाचे नाव दोन दिवस लक्षात राहते; एका शहराची तहान भागवताना एक सरोवर कसे संपले, हे ती विसरत नाहीत.

वाळवंट करणे स्वस्त आहे, सोपे नाही. झाडांचा खर्च वाचतो, पण रिकामी जागा भरून टाकण्याचा हात आवरावा लागतो. प्लायवूडवर घट्ट फोमची पाटी चिकटवून तिला सुरीने उतार द्यावा, त्यावर प्लास्टरचा पातळ थर, मग मातकट रंग. खरी माती वाळवून दोन-तीन चाळण्यांतून चाळावी. चाळलेल्या मातीतून लोहचुंबक अवश्य फिरवावे, कारण लोहकण राहिले तर ते इंजिनाच्या मोटारीत ओढले जातात. माती पसरून तीवर साबणाचा थेंब घातलेले पाणी फवारावे, मग पातळ केलेला पांढरा डिंक थेंबाथेंबाने सोडावा. साबणामुळे डिंक मातीत मुरतो, वर गोळा होत नाही. झुडपे एकमेकांपासून दूर ठेवावीत. जेथे पाणी कमी तेथे प्रत्येक झुडूप आपापली जागा राखून असते. आकाश क्षितिजाकडे फिकट करत न्यावे. वाफेच्या इंजिनाला वाळवंटात पाण्याची टाकी हाच प्राण, म्हणून ती दृश्याच्या मध्याजवळ असावी.

खर्चाची बाजूही आरंभीच मांडावी. एक इंजिन, आठ डबे, दोन सांधे, रूळ, वीजनियंत्रक, लाकूड आणि सुताराची मजुरी, एवढ्याच रकमा पहिल्या पानावर याव्यात. इंजिन आधी घेऊन ठेवू नये. आधी कागद, मग फळी, मग रूळ. डबे हाताने ढकलून प्रत्येक सांध्यावरून सुरळीत गेले की मग इंजिन. फळीच्या मागच्या कडेपर्यंत हात पोहोचतो का, हेही पाहावे, कारण सत्तरीत स्टुलावर चढून रूळ पुसण्याची वेळ येऊ नये.

शेवटची गोष्ट वहीची. तारांचा नकाशा, कोणती तार कोठे जाते, कोणता डबा कोठे दुरुस्त केला, मातीचा रंग कशाकशाच्या मिश्रणाने केला, डाव कसा खेळायचा, हे सर्व एका वहीत साध्या भाषेत उतरवून ती फळीखालीच ठेवावी. करणाऱ्याचा हात थांबल्यावर अशा बहुतेक रेल्वे वर्षभरात अडगळीत जातात. वारसांना त्यांचे प्रेम नसते असे नाही, त्या कशा चालतात हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. घरच्या पेढीची जुनी येणी-देणी वहीत असतात म्हणूनच पुढच्या पिढीला ती चालवता येते. आठ फुटांच्या या मार्गाचेही तसेच आहे.

३०० मैलांचा मार्ग बांधणाऱ्या मुत्सद्दी सावकाराला दोन महिन्यांनंतरचे दिसले नाही. ते कोणालाच दिसत नाही. आपल्या हाताच्या पोहोचीत काय आहे, हे मात्र प्रत्येकाला मोजता येते. ते मोजून केलेली फळी एखाद्या दिवाळीच्या सुट्टीत पूर्ण होते, चिठ्ठ्या टाकल्या जातात, आणि घरातील सर्वांत धाकटे माणूस आजोबांना सांगते, पहिला डबा शंखजिऱ्याचा आला आहे, तो तिसऱ्या मार्गिकेत मागे अडकला आहे, आता काय करायचे ते सांगा.