चित्रकथेचे परीक्षण कोणी करायचे?

कॉलेजच्या अंकांतून कवितासंग्रहांची परीक्षणे येतात, कादंबऱ्यांची येतात, क्वचित नाटकाचेही येते. चित्रकथेचे मात्र मी अजून पाहिलेले नाही. कोणी लिहिलेच तर 'मुलांना आवडेल' एवढ्यावर विषय संपतो. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने वाङ्मयाच्या प्रांतात लुडबुड करू नये, हे मला मान्य आहे. पण मालिकेतला नवा अंक तपासायला थोडी खतावणीची दृष्टीही लागते, असे माझे मत आहे. खात्याचे एकच पान पाहून नफातोटा सांगता येत नाही. आरंभीची शिल्लक किती होती, ते आधी पाहावे लागते.

हे मी बोथला शिकलो. बोथ हे आदिलाबाद जिल्ह्यातले आमचे गाव. घरात मराठी, बाजारात तेलुगू. 'इंद्रजाल कॉमिक्स' १९६४ साली सुरू होऊन १९९० साली बंद पडले, म्हणजे माझ्या जन्माच्या कितीतरी आधी. पण मामांच्या ट्रंकेत मराठी अंकांचा एक गठ्ठा होता. कव्हरे फाटलेली, क्रमाचा पत्ता नाही. त्यामुळे वेताळाची मुले मी आधी पाहिली आणि त्याचे लग्न मागाहून! लग्नाचा अंक मला अगदी सपक वाटला होता. सगळा थाट पाहुण्यांचा. जादूगार मांड्रेकसुद्धा आलेला, पण जादू दाखवण्याऐवजी आहेर घेऊन आल्यासारखा उभा. हा अंक मी रद्दीत घालायला निघालो होतो.

पुढे कळले की ली फॉक यांनी ही कथा १९३६ साली सुरू केली आणि वेताळाचे डायनाशी लग्न लावले ते १९७७ साली. एकेचाळीस वर्षे! आमच्याकडे एवढ्या काळात नातवंडांची लग्ने उरकतात. त्या अंकाची खरी किंमत त्याच्या पानांत नव्हतीच, ती मागच्या वर्षांत साठलेली होती. तो सुटा वाचून 'सपक' म्हणणारा मी परीक्षक म्हणून नापास झालो.

सगळ्याच मालिकांना हे माप लावता येणार नाही. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा 'चिंटू' १९९१ साली 'सकाळ'मध्ये आला. तो वाढत नाही, त्याची शाळा संपत नाही. तिथे सगळा रोखीचा व्यवहार. आजचा विनोद आजच चुकता. अशा मालिकेच्या नव्या पुस्तकाला एवढेच विचारावे, की हेच हसू मागच्या पुस्तकात विकून झाले होते का?

कानडी विभागातल्या मित्रांना आवडेल अशी एक गोष्ट सांगतो. 'अमर चित्र कथा'ची इंग्रजी मालिका क्रमांक ११ पासून सुरू होते. तो अंक 'कृष्ण'. पहिले दहा गेले कुठे? ते कानडीत निघाले होते, पाश्चात्त्य परीकथांचे! क्रमांक न पाहणाऱ्या परीक्षकाला हे कधीच कळणार नाही. 'कृष्ण'ची चित्रे राम वाईरकरांची. 'टिंकल'मधला सुप्पांडीही त्यांनीच काढला आणि पुढे त्यांच्या कन्या अर्चना आंबेरकर तो काढू लागल्या. हात बदलला की रेषा बदलते का? सुप्पांडीचा वेडेपणा तोच राहतो का? नव्या अंकाच्या परीक्षणात मला हे वाचायचे आहे. गोष्टीचा सारांश नको, तो मी दहा मिनिटांत स्वतः वाचतो.

चार रुपयांच्या चित्रांवर एवढी शाई कशाला, असे काही प्राध्यापक म्हणतील. पण कादंबरी फाटली तर तिची दुसरी आवृत्ती निघते, निदान ग्रंथालयात एक प्रत सापडते. मराठी चित्रकथेचा अंक एकदा रद्दीत गेला की गेला, आणि कोणी त्याविषयी दोन ओळी लिहिल्या नसतील तर तो निघाला होता याचीही नोंद राहत नाही. शहरातल्या वाचकाला निदान पुढचा अंक दुकानात मिळतो. बोथसारख्या गावात हाताला येईल तो अंक पहिला. त्याच्या आधी काय झाले हे सांगणारे कोणी हवे, आणि ते काम परीक्षकाचेच आहे.

मामांच्या ट्रंकेतल्या एका कथेचा पूर्वार्धच माझ्याकडे आहे. शेवटच्या चौकटीत वेताळ दोरीला लटकतो आहे आणि खाली 'पुढील अंकी' असे छापले आहे. तो पुढील अंक कोणाच्या घरी असेल तर मला वाचायला द्यावा. कव्हर नसले तरी चालेल.